धाराशिवच्या ऑनलाइन विद्यार्थ्याला हवा शेजारचा मार्गदर्शक
प्रतिनिधी, धाराशिव

वेब अॅप्लिकेशन तयार करण्याचे शिक्षण घेण्यासाठी मराठवाड्यातील तरुणाने पुण्याची वाट धरलीच पाहिजे, अशी स्थिती आज राहिलेली नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने परंडा किंवा लोहारा तालुक्यातील गावातही मोबाइलवर पाहता येतात आणि त्यांतील बहुतेकांसाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. तरीही या व्याख्यानांच्या आधारे स्वतःचे काम उभे करणारे विद्यार्थी थोडेच दिसतात. पाठ घरापर्यंत पोहोचला, पण विद्यार्थी त्या पाठाच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही. या दोहोंमधील अंतर कशामुळे पडते आणि ते कमी करण्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर काय करता येईल, याचा विचार होणे गरजेचे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांवर होती आणि त्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. वारंवार पडणारा दुष्काळ, सोयाबीनवर अवलंबून असलेली शेती आणि मोजकेच उद्योग ही या जिल्ह्याची ओळख. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्या जोडीला उस्मानाबादचे नाव त्यात होते. अशा जिल्ह्यातील कुटुंबाला मुलाचे संगणकाचे शिक्षण म्हणजे शेतीबाहेर पडण्याचा मार्ग वाटतो. या अपेक्षेपोटी घरातील पैसा आणि मुलाच्या उमेदीची दोन-तीन वर्षे खर्ची पडतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचा उरत नाही.

मोफत पाठांची रेलचेल

संगणक साक्षरता महाराष्ट्राला नवी नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी तालुक्याच्या गावापर्यंत संगणक नेला. मात्र त्या अभ्यासक्रमाचा हेतू संगणक वापरायला शिकविणे हा होता. संगणकाकडून हवे ते काम करून घेणारी आज्ञावली लिहिणे ही पुढची पायरी आहे. त्यासाठीचे साहित्य गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या प्रमाणावर खुले झाले. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या 'एनपीटीईएल' उपक्रमाने २०१४ पासून ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केले. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' व्यासपीठाचे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीने एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांतून मिळविण्याची मुभा दिली. परदेशातील 'फ्रीकोडकॅम्प'सारखे मोफत उपक्रमही इंटरनेट असलेल्या कोणालाही खुले आहेत.

भाषेचा अडसरही काही प्रमाणात दूर झाला आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सुमारे दहा-दहा मिनिटांचे छोटे पाठ आहेत आणि त्यांतील अनेकांना मराठी निवेदन आहे. पाठ थोडा पाहायचा, थांबवायचा आणि लगेच शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचे, अशी त्याची पद्धत आहे. हे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालविता येतात.

वेब अॅप्लिकेशन म्हणजे काय?

हा विषय धाराशिवच्या शेतकऱ्याला वाटतो तितका परका नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी लागू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. गट क्रमांक निवडला, पीक लिहिले, छायाचित्र काढले की ती माहिती दूरवरच्या सर्व्हरकडे जाते. तेथील आज्ञावली ती तपासते, डेटाबेसमध्ये साठविते आणि पुढे सातबाऱ्यावर तिचे प्रतिबिंब उमटते. वेब अॅप्लिकेशनची रचनाही याच तीन भागांची असते. वापरणाऱ्यासमोर दिसणारा पडदा, पडद्यामागे निर्णय घेणारी आज्ञावली आणि माहितीचा साठा हे ते तीन भाग होत. पडद्यासाठी एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट, आज्ञावलीसाठी पायथन किंवा पीएचपी आणि साठ्यासाठी मायएसक्यूएलसारखी साधने शिकावी लागतात. ही साधने मोफत मिळतात.

मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सर्व्हर मंदावल्याची तक्रार गावोगाव ऐकू येते. एकाच वेळी असंख्य लोकांनी मागणी केली, तर आज्ञावली ती कशी हाताळते, हा वेब अॅप्लिकेशनच्या अभ्यासातील महत्त्वाचा धडा आहे. तो धडा केवळ व्हिडिओ पाहून कळत नाही. स्वतः काही तयार करावे, ते कोलमडावे, दोष शोधावा आणि दुरुस्त करावा, तेव्हाच तो अंगी मुरतो. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही, तसेच हे आहे.

गळती कोठे होते?

ऑनलाइन शिक्षणातील गळती ही केवळ ग्रामीण भारताची समस्या नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या नामवंत संस्थांच्या खुल्या अभ्यासक्रमांतील २०१२ ते २०१८ या काळातील नोंदींचा अभ्यास जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-व्हालिएन्ते यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाचे पहिले पानही उघडत नाहीत, असे त्यातून दिसले. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३.१३ टक्के होते. शुल्क भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने गेलेल्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. पैसे गुंतले की नेटाने शिकले जाते, असा एक अर्थ त्यातून निघतो. पण ज्यांच्याकडे आधीच साधने आणि शिक्षण आहे तेच शेवटापर्यंत टिकतात, हा अर्थही तितकाच खरा आहे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या सार्वत्रिक गळतीत आणखी तीन कारणांची भर पडते. पहिले कारण यंत्राचे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. त्यानंतरच्या काळात स्मार्टफोन घरोघरी गेला, तथापि फोनवर पाठ पाहता येतो, त्यावर शेकडो ओळींची आज्ञावली लिहिणे जवळजवळ अशक्य असते. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला आज्ञावली आणि तिसरीकडे तिचा परिणाम असे एकाच वेळी पाहावे लागते. हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर ते जमत नाही.

दुसरे कारण भाषेचे. पाठ मराठीत मिळाला तरी चूक झाल्यावर संगणक जो संदेश देतो तो इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला या संदेशातील शब्द कळतात, पण त्याचा रोख कळत नाही.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण एकटेपणाचे. एखादा स्वल्पविराम चुकला म्हणून रात्रभर आज्ञावली चालत नाही, हा प्रत्येक नवशिक्याचा अनुभव असतो. पुण्यातील विद्यार्थी अशा वेळी खोलीतल्या मित्राला विचारतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. गावातील विद्यार्थ्याला विचारायला कोणी नसते. दोन-तीन वेळा असे घडले की 'हे आपल्याला जमणारे नाही' असा त्याचा समज होतो आणि अभ्यासक्रम तेथेच सुटतो. बुद्धी कमी पडली म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा अडल्यावर हात देणारा न मिळाल्याने सोडणारे अधिक असावेत, असे मानण्यास जागा आहे.

मद्रासचा धडा

दूरशिक्षणाची रचना विचारपूर्वक केली तर ही गळती रोखता येते, याचे उदाहरण आयआयटी मद्रासने घालून दिले आहे. २०२० मध्ये या संस्थेने प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स या विषयांचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला जेईईची अट नाही. चार आठवड्यांचा पात्रता टप्पा पार केला की प्रवेश मिळतो. उत्पन्न आणि सामाजिक प्रवर्ग यांनुसार शुल्कात ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. यातील पदविका टप्प्यावर वेब अॅप्लिकेशन विकासाचे दोन विषय आहेत. पहिल्यात पायथनमधील 'फ्लास्क' आणि दुसऱ्यात जावास्क्रिप्टमधील 'व्ह्यू' शिकविले जाते. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे अॅप्लिकेशन तयार करायचे आणि तोंडी परीक्षेत ते समजावून सांगायचे, असा दंडक आहे. आठवड्याच्या आठवड्याला गृहपाठाची मुदत असते आणि मुख्य परीक्षा ठरावीक शहरांतील केंद्रांवर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते.

म्हणजे पाठ ऑनलाइन असला तरी मुदत, परीक्षा आणि कामाची तपासणी खरीखुरी आहे. मोफत व्हिडिओ पाहणाऱ्याला नेमके हेच मिळत नाही. मात्र इंग्रजीची भीती आणि दर आठवड्याचा ताण पेलण्यासाठी येथेही जवळ कोणीतरी लागतेच.

संवाद सहायकांचा वारसा

असा जवळचा माणूस कसा उभा करावा, याचे उत्तर धाराशिवच्याच इतिहासात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूरबरोबर उमरगा आणि लोहारा परिसरातील गावे उद्ध्वस्त केली. पुनर्वसनाच्या काळात घरे भूकंपरोधक कशी करावीत याची तांत्रिक माहिती सरकारकडे होती, पण ती गावकऱ्यांच्या गळी उतरत नव्हती. त्या वेळी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावातील महिलांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणण्यात आले. या महिला अभियंत्या नव्हत्या. तांत्रिक सूचना समजून घेऊन त्या शेजाऱ्यांच्या भाषेत सांगायच्या, अडचण आली की ती अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवायची आणि काम पूर्ण होते की नाही ते पाहायचे, एवढे त्यांचे काम होते. तंत्रज्ञ आणि गाव यांच्यातील दरी त्यांनी कमी केली.

ऑनलाइन शिक्षणाला आज अशाच संवाद सहायकाची गरज आहे. तो मोठा तज्ज्ञ असण्याचे कारण नाही. अभ्यासक्रम एकदा पूर्ण केलेला, चुकीचा संदेश वाचता येणारा आणि आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी भेटणारा तरुण किंवा तरुणी पुरेशी आहे. असे मनुष्यबळ जिल्ह्यात आहे. धाराशिव शहरात तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर आहे. तुळजापुरात श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना या कामाचे श्रेयांक देता येतील. मानधनाचा प्रश्नही अवघड नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत राज्य सरकारने २०२४ मध्ये बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरविले होते. त्याच धर्तीवर प्रत्येक तालुक्यात दोन-तीन सहायक नेमणे आवाक्याबाहेरचे नाही.

जागेसाठीही नवी इमारत नको. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी अभ्यासिकेत बसण्याची सवय येथील तरुणांना आहे. सार्वजनिक ग्रंथालय किंवा महाविद्यालयातील अशा अभ्यासिकेत दहा संगणक, विजेची पर्यायी सोय आणि उतरवून ठेवलेले पाठ एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आठही तालुक्यांत अशी एकेक खोली झाली, तर मुलींचाही मोठा अडसर दूर होईल. मुलीला पुण्यात ठेवण्यास कचरणारे पालक तिला तालुक्याच्या ग्रंथालयात पाठविण्यास सहसा हरकत घेत नाहीत.

प्रत्यक्ष कामासाठी विषय जवळच आहेत. दूध संकलन केंद्राचा हिशेब, बाजार समितीतील आवक, बचत गटांची कर्जवही, भूम परिसरातील खवा उत्पादकांच्या मागणीच्या नोंदी यांपैकी कोणताही विषय घेतला तरी तो शिकण्याला आणि गावाला दोघांनाही उपयोगी पडेल. मुलाखतीत दाखविण्यासाठी प्रमाणपत्रापेक्षा चालते अॅप्लिकेशन केव्हाही अधिक वजनदार ठरते.

नोकरीच्या हमीपासून सावध

यात एक इशारा देणे आवश्यक आहे. वेब अॅप्लिकेशन शिकले की हिंजवडीत नोकरी ठरलेली, हे समीकरण आता राहिलेले नाही. टीसीएससारख्या बड्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर साधी आज्ञावली यंत्रच लिहून देऊ लागले आहे. केवळ पाठातील उदाहरण उतरवून काढणाऱ्याला त्यामुळे पूर्वीइतके मोल नाही. यंत्राने लिहिलेली आज्ञावली तपासणे, तिच्यातील चूक ओळखणे आणि लोकांची गरज नेमकी समजून घेणे ज्याला जमते, त्याला अजूनही काम आहे.

तरीही 'शंभर टक्के नोकरी'ची जाहिरात करून हजारो रुपये शुल्क घेणारे, किंवा विद्यार्थ्याच्या नावे कर्ज काढून हप्ते लावणारे अभ्यासक्रम विकले जातात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून नोकरीच्या हमीचे खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. मुलाने केलेले काम कोण तपासणार? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळणार का? कर्जाच्या कागदावर नाव कोणाचे? समाधानकारक लेखी उत्तर न मिळाल्यास मोफत अभ्यासक्रमापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

धाराशिवला आणखी एका नव्या पोर्टलची किंवा अभ्यासक्रमाची गरज नाही, ते विपुल आहेत. गरज आहे ती तालुक्याच्या गावातील एका खोलीची, दहा संगणकांची आणि अडलेल्या विद्यार्थ्याशेजारी बसणाऱ्या माणसाची. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात यासाठी फार मोठी तरतूद करावी लागणार नाही. पहिल्या वर्षी एका तालुक्यात हा प्रयोग करावा आणि किती जणांनी नाव नोंदविले यापेक्षा किती जणांनी चालते अॅप्लिकेशन उभे केले, हे मोजावे. त्या आकड्यावरून पुढच्या सात तालुक्यांचा निर्णय घेता येईल.