व्हीलचेअर मिळाली, शिक्षक कुठे आहे?

भोसरी-चाकण पट्ट्यात अपंग मुलाला व्हीलचेअर देताना फोटो निघतो. त्याला अक्षर शिकवणारं माणूस द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही.

2022 मध्ये केंद्राने प्रमाण ठरवलं: पहिली ते पाचवीत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक. महाराष्ट्राने 2024 मध्ये पदं मंजूर केली 4860, म्हणजे केंद्रागणिक एक. एका केंद्रात शाळाच किती असतात! मग तो शिक्षक फिरता राहतो, प्रमाणपत्रं आणि शिबिरं यांतच अडकतो.

त्याचं खरं काम वेगळं आहे. या मुलाला आज काय येतं ते पाहून उद्याचं ठरवणं. कुणाला ब्रेल, कुणाला खुणांची भाषा, कुणाला नुसतं शर्टाचं बटण लावणं. वर्गशिक्षिकेला सोबत घेणं आणि आईशी तिच्या भाषेत बोलणं, मग ती उर्दू असो की मराठी. अधूनमधून डोकावून हे होत नाही.

आणि आपण? ‘अल्लाहची मर्जी’ म्हणत मूल घरात ठेवतो. अंध इब्न उम्मे मक्तूम (रजि.) शिकायला आले, त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा खुद्द प्रेषितांना (स.) समज देणारी सूरह अबसा उतरली. तेच पुढे मदिनेत अजान देत. ही सूरह पाठ असणारे आपण शाळेत काय विचारतो? निकाल आणि गणवेश!

मशिदीच्या विश्वस्तांनी महापालिकेच्या उर्दू शाळेला लेखी विचारावं: पटावर अशी मुलं किती, आणि त्यांना रोज कोण शिकवतं?