आम्ही फक्त माल पुरवला!

खिशातलं बॉलपेन जरा हातात घ्या. पेनच्या शाईसाठी आणि कापड रंगवण्याच्या उद्योगात जी रसायनं वापरतात, त्यांतल्या एकाचं नाव आहे थायोडायग्लायकॉल. नाव लांबलचक, पण काम अगदी साधं. हेच रसायन मस्टर्ड गॅस नावाच्या अस्त्राचा कच्चा मालही आहे. हा वायू कातडीवर फोड आणतो, डोळे जाळतो आणि फुप्फुसं कायमची निकामी करून टाकतो. १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनच्या इराकने तो टनावारी बनवला आणि माणसांवर टाकला.

आता प्रश्न असा, की हा कच्चा माल इराककडे आला कुठून? कुठल्या गुप्तहेराने चोरून आणला? एखाद्या वेड्या शास्त्रज्ञाने तळघरात तयार केला? सिनेमात तसं दाखवतात. प्रत्यक्षात तो विकत घेतला गेला. कोटेशन मागवलं गेलं, ऑर्डर निघाली, इन्व्हॉइस बनलं, जहाज लागलं, बँकेतून पैसे वळते झाले. विकणाऱ्या कंपन्या युरोपातल्या होत्या, अमेरिकेतल्या होत्या, आशियातल्याही होत्या. इतिहासाच्या पुस्तकात सद्दामचं नाव मिळतं. या कंपन्यांची नावं मात्र शोधावी लागतात. आमचं म्हणणं एवढंच आहे, की ती शोधली पाहिजेत. कारण ही गोष्ट फक्त हुकूमशहाची नाही, ती टेबलापलीकडे बसून सह्या करणाऱ्यांचीही आहे.

चार वर्षं आधी कळलं होतं

१६ मार्च १९८८. इराकच्या ईशान्येला, इराणच्या सीमेजवळ हलब्जा हे कुर्द लोकांचं शहर. इराण-इराक युद्धाचं आठवं वर्ष चालू होतं आणि इराणी फौजा व कुर्द बंडखोरांनी नुकताच या शहराचा ताबा घेतला होता. इराकी विमानांनी स्वतःच्याच देशातल्या या शहरावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. बॉम्बहल्ला म्हटल्यावर लोक सवयीने तळघरात लपले. पण हा वायू हवेपेक्षा जड. तो खाली उतरला, थेट तळघरांत. मृतांचा आकडा तीन हजार दोनशे ते पाच हजारांच्या दरम्यान सांगितला जातो, जखमी त्याहून कितीतरी जास्त. तान्ह्या बाळाला कवटाळून घराच्या दारातच मरून पडलेल्या माणसाचा फोटो तेव्हा जगभर छापून आला. गुगलवर आजही सापडेल, पण बघवणार नाही.

हलब्जा अचानक घडलं नव्हतं. मार्च १९८४ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणमध्ये जाऊन, जखमी सैनिकांची तपासणी करून मस्टर्ड आणि टाबुन हे दोन विषारी पदार्थ वापरले गेल्याचा अहवाल दिला होता. जून १९८७ मध्ये इराणच्या सरदश्त या शहरावर वायूहल्ला झाला, तोही साध्या नागरी वस्तीवर. म्हणजे इराक हे रसायन कशासाठी घेतोय, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळत होतं. तरीही मालाचा ओघ पुरता आटला नाही.

समारा शहराजवळच्या ज्या अवाढव्य कारखान्यात हे विष तयार होत होतं, त्याचं कागदोपत्री नाव ‘कीटकनाशक उत्पादनाचा सरकारी उपक्रम’ असं होतं. त्यातल्या यंत्रसामग्रीचा मोठा वाटा पश्चिम जर्मनीच्या कंपन्यांकडून आला. शेतीसाठी कीटकनाशक हवंय म्हटलं, की विक्रेत्याचंही समाधान आणि सरकारी फाइलचंही. पुढे जर्मनीत खटले झाले, वर्षानुवर्षं रेंगाळले, हाती फारसं काही लागलं नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या अल्कोलॅक कंपनीने थायोडायग्लायकॉलच्या व्यवहारात निर्यात कायदा मोडल्याचा गुन्हा १९८९ मध्ये न्यायालयात कबूल केला.

फ्रान्स व्हान अनराट नावाचा व्यापारी

या सगळ्या साखळीत एक माणूस मात्र पुरता अडकला. फ्रान्स व्हान अनराट. नेदरलँड्सचा व्यापारी. हा काही कारखानदार नव्हता, याची प्रयोगशाळाही नव्हती. इकडून घ्यायचं, तिकडे द्यायचं, मधलं मार्जिन ठेवायचं. आपल्याकडे ज्याला दलाल म्हणतात, तोच धंदा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्याने इराकला अकराशे टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल पुरवलं. माल युरोपातल्या बंदरात यायचा, तिथून जॉर्डनच्या अकाबा बंदरात आणि पुढे रस्त्याने इराकमध्ये. कागदावर अंतिम ठिकाण भलतंच असायचं.

जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेच्या सांगण्यावरून त्याला इटलीत मिलानला पकडलं. तो सुटला आणि गेला थेट बगदादला. तिथे चौदा वर्षं निवांत राहिला. २००३ मध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये घुसल्या, तेव्हा हा मायदेशी परतला. डच टीव्हीला त्याने मुलाखतही दिली. हलब्जाची दृश्यं पाहून धक्का बसला, पण हल्ल्याचा आदेश मी दिला नव्हता आणि हा काही माझा मुख्य धंदाही नव्हता, असा त्याचा सूर होता. डिसेंबर २००४ मध्ये त्याला अटक झाली. रसायन कापड उद्योगासाठी आहे असं मला वाटलं होतं, हा त्याचा बचाव.

न्यायालयाने तो मानला नाही. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा सुनावली. कुर्दांवर जे झालं तो वंशसंहारच होता, हेही न्यायालयाने नोंदवलं. मात्र त्या हेतूची व्हान अनराटला कल्पना होती हे सिद्ध झालं नाही, म्हणून वंशसंहाराच्या आरोपातून तो सुटला. अपिलात शिक्षा सतरा वर्षांवर गेली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती साडेसोळा वर्षांवर कायम केली. २०१३ मध्ये काही पीडितांना प्रत्येकी २५ हजार युरो द्या, असा दिवाणी निकालही त्याच्याविरुद्ध लागला.

निकालाचं महत्त्व समजून घेण्यासारखं आहे. न्यायालयाने अज्ञानाला शिक्षा दिली नाही. माहीत असूनही माल पाठवत राहण्याला दिली. बॉम्ब टाकणारा गुन्हेगार आहेच. पण बॉम्बमध्ये काय भरलं जाणार हे ओळखून डबे पाठवणाराही हात झटकू शकत नाही, हे एका देशाच्या न्यायालयाने लेखी सांगितलं. आणि तरीही हा आकडा बघा: विकणारे अनेक देशांतले, अनेक कंपन्यांतले, इतकी मोठी शिक्षा झालेला हा बहुधा एकटाच.

हे सगळं जुनं झालं?

कुणी म्हणेल, हे आपल्या जन्माच्याही आधीचं आहे. आता जग बदललंय. बऱ्याच अंशी खरं आहे. इराकच्या अनुभवानंतरच १९८५ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप नावाचा देशांचा गट तयार झाला. कुठली रसायनं आणि यंत्रं परवान्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाहीत, हे हा गट ठरवतो. भारत २०१८ मध्ये त्यात सामील झाला. १९२५ च्या जिनिव्हा कराराने विषारी वायूच्या वापरावर बंदी घातली होती, पण बनवण्यावर आणि साठवण्यावर नाही. ती पळवाट १९९७ मध्ये लागू झालेल्या रासायनिक अस्त्रबंदी कराराने बुजवली. भारताने तेव्हा स्वतःचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला.

पण फेब्रुवारी २०१९ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या न्यायालयाने तीन कंपन्यांना दोषी ठरवलं. २०१४ ते २०१६ या काळात त्यांनी आयसोप्रोपेनॉल हे रसायन परवाना न घेता सीरिया आणि लेबनॉनला पाठवलं होतं. कोविडच्या काळात आपण जे सॅनिटायझर हातावर चोळलं, त्यातल्या कित्येकांत हेच अल्कोहोल होतं. ते सरीनसाठीही लागू शकतं, म्हणून सीरियाला पाठवायचं तर परवाना बंधनकारक होता. सीरियात घूता इथे ऑगस्ट २०१३ मध्ये सरीनच्या हल्ल्यात शेकडो माणसं गेली होती. त्यानंतर वर्षभरातच हा माल निघू लागला. बेल्जियमचा माल अस्त्रासाठी वापरला गेला, असं सिद्ध झालेलं नाही. पण परवाना हा असाच प्रश्न वेळेवर विचारण्यासाठी असतो. आणि दोषी कोण होते पाहा: एक रसायनांचा व्यापार करणारी कंपनी, एक कस्टम्सचं काम पाहणारी, एक वाहतूक सांभाळणारी. एकाने विकलं, एकाने कागद केले, एकाने पोचवलं.

आपण कुठे उभे आहोत?

हे वाचून ‘ते पाश्चात्त्य असेच दुटप्पी’ म्हणत मान हलवायला सोपं आहे. म्हणून पुढचा आकडाही वाचा. इराकने संयुक्त राष्ट्रांच्या तपासनिसांपुढे मांडलेल्या हिशेबावरून जी आकडेवारी पुढे प्रसिद्ध झाली, तिच्यात सिंगापूर आणि नेदरलँड्समधून प्रत्येकी चार हजार टनांवर कच्चा माल गेल्याचं दिसतं. पश्चिम जर्मनीतून हजार टनांवर. आणि भारतातून दोन हजार टनांवर. म्हणजे या यादीत आपण जर्मनीच्याही वर आहोत. प्रत्येक विक्रेत्याला सगळं माहीत होतं असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा आजच्यासारखे कायदेही नव्हते. पण कीटकनाशकाच्या कारखान्यातून काय बाहेर पडू शकतं, हे १९८४ च्या भोपाळनंतर तरी आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती.

आज आपल्याकडे कायदा आहे. २००० सालचा रासायनिक अस्त्रबंदीचा कायदा आहे, २००५ चा महासंहारक अस्त्रांबाबतचा कायदा आहे. दुहेरी वापराच्या वस्तूंची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे आणि तिच्यातल्या वस्तूंसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना घ्यावा लागतो. पण यादी कितीही लांब केली, तरी शाई, कापड, औषधं आणि सॅनिटायझर बंद करता येत नाहीत. उद्योग म्हणतो, आम्ही गिऱ्हाइकाच्या मागे कुठवर फिरायचं? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक पिंपावर पोलीस बसवता येणार नाही. म्हणूनच पिंपाच्या जवळ बसलेल्या माणसाची अक्कल महत्त्वाची ठरते.

तो माणूस कोण? उद्या तुम्ही. महाराष्ट्रात तारापूर, अंबरनाथ, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ असा रासायनिक उद्योगांचा पट्टाच आहे. केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनीअरिंगवाल्यांची पहिली नोकरी बऱ्याचदा तिथेच लागते. बीकॉमवाले निर्यातीची बिलं करतील, लॉवाले करार तपासतील, लॉजिस्टिक्सवाले न्हावाशेव्याला कंटेनर लावतील. मास कॉमवाले कंपनीचं प्रसिद्धिपत्रक लिहितील. यांतला कुणीच विषारी वायू बनवणार नाही. पण व्हान अनराटनेही तो बनवला नव्हता.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, कॉलेजात मागणी करा. निर्यात कशी करावी हे शिकवतात. काय, कुणाला आणि का विकू नये, यावर तुमच्या तीन वर्षांत एक तरी लेक्चर झालंय का? कुठल्याही शाखेच्या अभ्यासक्रमात हलब्जाचा खटला दोन तासांत शिकवता येईल. दुसरी गोष्ट, नावं उघड व्हायला हवीत. २००२ मध्ये इराकने संयुक्त राष्ट्रांना सुमारे बारा हजार पानांचा अहवाल दिला. सुरक्षा परिषदेच्या अस्थायी सदस्यांना त्याची जी प्रत मिळाली, तिच्यातून पुरवठादार कंपन्यांची नावं काढून टाकलेली होती. मरणाऱ्यांची नावं दगडावर कोरायची आणि विकणाऱ्यांची फाइलमध्ये झाकायची, हा न्याय कुठला?

आणि तिसरी गोष्ट नोकरीतली, ती सगळ्यांत अवघड. गिऱ्हाईक नवीन आहे, ऑर्डर त्याच्या धंद्याच्या मानाने अवाच्या सवा मोठी आहे, तो भाव करत नाही, माल नेमका कुठे जाणार ते सांगत नाही, तेव्हा ‘हे कशासाठी हवंय?’ असं विचारायचं. बॉस म्हणेल, तुला काय करायचंय, आपण नाही दिलं तर दुसरा देईल. जगातल्या प्रत्येक विक्रेत्याने स्वतःची समजूत याच वाक्याने घातली, म्हणून तर माल कधी थांबला नाही. दुसरा देईल की नाही, हे दुसऱ्याला ठरवू द्या. तुमच्या सहीचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

सरदश्त आणि हलब्जामध्ये त्या वायूने फुप्फुसं गेलेली माणसं आजही आहेत. काहींना जिना चढवत नाही, काहींना रात्री ऑक्सिजन लागतो, काहींची दृष्टी हळूहळू जात राहिली. तेहरानच्या शांतता संग्रहालयात अशीच काही माणसं येणाऱ्या लोकांना आपली गोष्ट स्वतः सांगतात, मध्ये थांबून, दम खात. सद्दाम २००६ मध्ये फासावर गेला, पण तो दुजैलच्या हत्याकांडासाठी. हलब्जासाठी त्याचा चुलतभाऊ ‘केमिकल अली’ २०१० मध्ये फासावर गेला. हुकूम देणारे संपले. माल पुरवणाऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र कुणी साधा प्रश्नही विचारला नाही. तो विचारण्याची सवय आपल्या पिढीला लागायला हवी, आणि सुरुवात स्वतःच्या टेबलापासून झालेली बरी.