आवाज येतोय, हे आधी मान्य करा

वडील गेले तेव्हा त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी माझ्या वाट्याला आली. वाट्याला आली म्हणजे भावांना ती नको होती. भंगारात काढू, असं त्यांचं मत. मी ठेवून घेतली. आता लोक तिला ‘क्लासिक’ म्हणतात, सिग्नलला फोटो काढतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी एके काळी मुंबईची टॅक्सी म्हणून रस्तोरस्ती दिसायची. त्यातली शेवटची काळी-पिवळी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर २० वर्षांच्या नियमाने निवृत्त झाली. माझी मात्र दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करून अजून धावते. सल्ला केंद्रात आलेल्या बाईला सरकारी दवाखान्यात न्यायचं असो की कोर्टाच्या तारखेला, गाडी हीच.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्यात एक आवाज सुरू झाला. खडखड नाही, करकर नाही. काटा ४० च्या पुढे गेला की भोवरा घुमावा तसा बारीक घूंऽऽ. ५० ला ठसठशीत. वेग उतरला की नाहीसा. या गाडीत मी शाळकरी वयापासून बसत आले आहे. तिचे सगळे आवाज मला पाठ आहेत. हा त्यातला नव्हता.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही उघडलं नाही. “मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” साहेब कोणी नाहीत म्हटल्यावर म्हणाला, “जुनी गाडी, आवाज करणारच. काचा वर करा नि गाणी लावा.” दुसऱ्याने चक्कर मारली, पण गल्लीतल्या गल्लीत, २० च्या वेगाने. परत येऊन सांगितलं, “काही नाही, तुम्हाला भास होतोय.” ४० च्या पुढे येतो, असं मी तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्याने दोन नवे टायर गळ्यात मारले. पैसे गेले, घूं तशीच राहिली.

‘भास’ हा शब्द आपल्याला नवा नाही. पाठ दुखते म्हटलं की भास, बाळंतपणानंतर जीव रमत नाही म्हटलं की मनाचे खेळ, ऑफिसात साहेबाची नजर बरी नाही म्हटलं की तुझाच गैरसमज. मी रात्री एकटी गाडी चालवताना खरंच विचार करू लागले, की आवाज कानात आहे की चाकात? बाईचा स्वतःवरचा विश्वास कसा पोखरला जातो, ते मला त्या दोन महिन्यांत पुन्हा एकदा कळलं.

शेवटी एका मैत्रिणीने जुन्या फियाटी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मलाच विचारायला सुरुवात केली. उभ्या गाडीत रेस दिली तर येतो का? चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तर जातो का? पाय सोडला की बदलतो का? वळणावर वाढतो का? कोणत्या वळणावर? निम्म्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. ते म्हणाले, “ताई, घाई नाही. आठ दिवस ऐका, वहीत लिहा, मग या.”

मी वही केली. उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी आवाज नाही, म्हणजे डायनॅमो, पाण्याचा पंप यांचा संबंध नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ५० ला न्यूट्रल केलं तरी आवाज तसाच, म्हणजे इंजिन निर्दोष. पाय दाबला-सोडला तरी सूर बदलत नाही, म्हणजे डिफरन्शिअलवरचा संशय कमी. नवे टायर घालूनही फरक नाही, हे तर महागात शिकले होते. डावीकडे वळताना मात्र आवाज वाढायचा, उजवीकडे वळताना दबायचा. डावीकडे वळलं की गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. म्हणजे दुखणं उजव्या बाजूला.

मिस्त्रींनी वही वाचली आणि उजवं मागचं चाक जॅकवर घेतलं. खाली नीट टेकू दिला, मग चाक हाताने फिरवलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एक्सलच्या नळीवर टेकवून मूठ माझ्या कानाला लावली. चाकात वाळू दळल्यासारखं ऐकू आलं. एक्सल ओढून बेअरिंग उतरवलं, तेव्हा आत ग्रीस नव्हतं, गंज होता. पावसाचं पाणी शिरलं होतं, छर्ऱ्यांच्या वाटेवर खळगे पडले होते. असंच चालवलं असतं तर एखाद्या दिवशी बेअरिंग फुटून चाक जाम झालं असतं. मागच्या सीटवर कोण असतं, कुणास ठाऊक.

इथवर मी शहाणी ठरले. पण त्या वहीने मला एक जुनी नोंद आठवून दिली, ती सांगायलाच हवी.

काही वर्षांपूर्वी केंद्रात एक बाई आली. “मारत नाही हो. पण घरात श्वास घेता येत नाही.” मी विचारलं, नक्की काय करतो? तिला सांगता येईना. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘विशेष तक्रार नाही.’ दीड वर्षाने ती पुन्हा आली, हात गळ्यात बांधून. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसा म्हणतो. शिबिरांतून तो मीच समजावून सांगत होते. तरी मी तिला गल्लीत २० च्या वेगाने फिरवून परत पाठवलं होतं. मिस्त्रींसारखं विचारलं असतं, की कधी वाटतं, कोण घरात असताना, पगाराच्या दिवशी की माहेरचा फोन आल्यावर, तर उत्तरं तिच्याकडेच होती.

बाई म्हणजे गाडी नव्हे, हे मला कळतं. पण ऐकण्याची शिस्त दोन्हीकडे एकच आहे. तक्रार करणारीला दुखण्याचं नाव ठाऊक असलंच पाहिजे, ही अट आपण का घालतो? नाव शोधणं हे दोघींचं मिळून काम आहे. आवाज येतोय, एवढं तिचं म्हणणं आधी मान्य करायचं.

म्हणून दोन सूचना. एक, आपल्या केंद्रांच्या रजिस्टरमधून ‘विशेष तक्रार नाही’ हा शेरा काढून टाकूया. त्या जागी कधी, कुठे, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, असे रकाने घालूया, आणि त्या बाईला आठ दिवसांनी पुन्हा बोलावूया. घरात कोणी वाचेल अशी भीती असेल, तर वही तिच्याकडे नको, केंद्रात राहू दे.

दुसरी, आपल्या शिबिरांत कायद्याबरोबर पाना-पक्कडही येऊ दे. १८८८ साली जर्मनीत बेर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन शंभरेक किलोमीटर गेली. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तरी सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला ‘साहेबांना पाठवा’ ऐकावं लागतं. चाक कसं बदलायचं, बेअरिंग कुठे असतं, हे समजायला एक दुपार पुरते. मिस्त्री यायला तयार आहेत. फक्त म्हणाले, बायकांना जुने कपडे घालून यायला सांगा.