तारीख पाकिटावरची आणि घड्याळ भिंतीवरचं

गणपतीच्या महाप्रसादानंतर हॉल आवरताना आपल्या मंडळात दरवर्षी उलटा न्याय होतो. कपाटातली न फोडलेली तूरडाळीची पाकिटं, पोह्यांच्या पिशव्या, लोणच्याच्या बरण्या तारीख उलटली म्हणून काळ्या पिशवीत जातात. आणि दुपारी साडेबारापासून टेबलावर असलेला मसालेभात चार वाजता डब्यांत भरून आग्रहाने घरोघर दिला जातो. टाकू नये ते टाकतो, टाकायला हवं ते वाटतो. हे याच वर्षी थांबवता येईल.

आधी तारखेचं बघू. आपण राहतो त्या अमेरिकेत पाकिटावर तारीख छापण्याची केंद्रीय सक्ती एकाच पदार्थाला आहे, तान्ह्या बाळाच्या फॉर्म्युला दुधाला. काही राज्यांचे आपापले नियम आहेत, पण बहुतेक तारखा कंपन्याच ठरवतात. ‘सेल बाय’ ही दुकानदारासाठीची खूण. ‘बेस्ट इफ युज्ड बाय’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव उत्तम राहील हा कंपनीचा अंदाज. लोक तारखांच्या गोंधळात चांगलं अन्न फेकतात, म्हणून केंद्रीय शेतीखात्याने २०१६ च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांना हीच शब्दरचना वापरायला सुचवलं. देशातल्या एकूण अन्नापैकी ३० ते ४० टक्के वाया जातं, असा याच खात्याचा अंदाज आहे.

तारीख उलटलेली तूरडाळ विषारी होत नाही. फार जुनी असेल तर मऊ व्हायला एखाददुसरी शिट्टी जास्त घेते. पोहे सादळले असतील तर चाळून मंद आचेवर भाजावेत, चिवडा उत्तम होतो. दाण्याचं कूट आणि भाजणी यांचं मात्र तसं नाही, त्यांना खवटपणा येतो. चिमूटभर जिभेवर ठेवलं की कळतं. जाळी, किडे, बुरशी दिसली किंवा डबा फुगलेला असला तर विचार न करता टाकावं. आपल्या आया-आज्या हेच बघत आल्या आणि ते बरोबरच होतं.

पण शिजवलेल्या भातापुढे नाक आणि जीभ दोन्ही हरतात. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की जिवाणू वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वास तसाच, चवही तशीच. म्हणून शिजलेलं अन्न ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा इथला नियम आहे. बाहेर मैदानात ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास. ताटात काही टाकायचं नाही हा संस्कार मला मोलाचा वाटतो. त्यापोटी कुणाच्या घरी आजारपण पाठवणं मात्र मला पटत नाही.

न फोडलेली पाकिटं टाकण्यापेक्षा दान करू म्हटलं, की ‘दान केलं आणि उद्या कुणी दावा लावला तर?’ हा प्रश्न दर बैठकीत येतो आणि विषय तिथेच संपतो. त्याचं उत्तर १९९६ पासून कायद्यात आहे. मिसुरीचे काँग्रेस सदस्य बिल इमर्सन यांच्या नावाच्या कायद्याने, सद्भावनेने धर्मादाय संस्थेला अन्न देणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण दिलं. अन्न जुनं झाल्यामुळे विकण्याजोगं राहिलं नसलं, तरी खाण्यास योग्य असेल तर हे संरक्षण लागू होतं. अक्षम्य निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य तेवढं यातून वगळलं आहे. ना-नफा संस्थेलाही, म्हणजे आपल्या मंडळालाही, हे लागू आहे.

तेव्हा स्वयंपाक समितीला माझी विनंती अशी. भात एकदम सगळा बाहेर काढू नये. अर्धा साठ अंशांच्या वर गरम ठेवावा. पंगत बसली की कुणीतरी घड्याळाकडे लक्ष ठेवावं आणि दोन तासांच्या आत उरलेलं अन्न उथळ ट्रेमध्ये पसरून फ्रीजमध्ये ठेवावं. खोल पातेल्यात मधला भात तासन्‌तास गरमच राहतो. वेळ टळली असेल तर डबे भरू नयेत, कुणी कितीही आग्रह केला तरी. न फोडलेल्या पाकिटांसाठी जवळच्या फूड पँट्रीला आधीच फोन करून तारीख उलटलेलं काय काय चालतं ते विचारावं, कारण प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. फोन मी करते. गाडीत जागा असलेलं कुणीतरी रविवारी संध्याकाळी हवं आहे.