एका तोंडाचे दोन हुकूम

लग्नाची पंगत असो, बारसं असो की दिवाळीचा फराळ, आपल्याकडे वयात आलेल्या मुलीला एकाच तोंडातून दोन हुकूम मिळतात. "अगं, घे की आणखी एक जिलबी, एवढ्यानं काय होतंय?" हा पहिला. ती हात धुवून उठते न उठते तोच दुसरा येतो, "जरा अंगानं भरलीस हं. आता बघायला येतील, सांभाळ." हुकूम देणाऱ्या मावशीला, काकूला, आत्याला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. आग्रह म्हणजे प्रेम आणि टोमणा म्हणजे काळजी, अशी आपण आपली समजूत घालून घेतली आहे. मुलीनं खायचंही आणि खाल्लेलं अंगाला लागूही द्यायचं नाही, ही अशक्य अट आपण घातली. आज काही मुली बाथरूमची कडी लावून, नळ सोडून ती अट अक्षरशः पाळत आहेत.

या आजाराचं नाव बुलिमिया. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली ३० रुग्णांच्या अभ्यासावरून त्याचं वर्णन केलं आणि त्याला आजचं वैद्यकीय नाव दिलं. आवरता न येणाऱ्या ओढीनं थोड्या वेळात भरमसाट खायचं आणि मग वजनाच्या धास्तीनं मुद्दाम उलटी करायची, जुलाबाची औषधं घ्यायची, कडक लंघन करायचं किंवा जीव जाईतो व्यायाम करायचा, आणि यातलं काहीही कोणाला कळू द्यायचं नाही. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, असं तीन महिने चाललं की डॉक्टर निदान करतात. त्याहून कमी वेळा घडत असेल म्हणून ते सोडून देण्यासारखं मात्र नसतं.

बुलिमिया असलेल्या बहुतेक मुलींचं वजन चारचौघींसारखंच असतं. त्यामुळे 'खातेपिते की चांगली' म्हणून घर निश्चिंत राहतं. खुणा मात्र असतात. जेवण झालं की न चुकता बाथरूम गाठणं. डबाभर खाऊ रातोरात संपणं आणि त्याबद्दल विचारताच चिडणं. लाळग्रंथी सुजल्यामुळे कानाखालचे गाल फुगीर दिसणं. आम्लामुळे दातांचं आवरण झिजणं, थंड-गरम झोंबणं. त्यामुळे घरात लपलेलं पुष्कळदा दंतवैद्याच्या खुर्चीत उघडं पडू शकतं. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर उठलेले घट्टे, पाळीतला अनियमितपणा, घशाची जळजळ. यांहून घातक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाची लय बिघडते आणि वरून धडधाकट दिसणारी मुलगी अचानक दगावू शकते.

आता या खुणांचा अर्थ आपण कसा लावतो ते पाहा. मुलगी लग्न झालेली असेल तर विचारायचं, "काय, गोड बातमी?" लग्न झालेलं नसेल तर आधी संशय घ्यायचा. तो फिटला की पित्त ठरवून कोकम सरबत हातात द्यायचं. म्हणजे मुलीला उलटी झाली तर आपल्याला आधी तिचं गर्भाशय आठवतं, मग घराण्याची अब्रू आणि शेवटी पोट. मन त्या यादीतच नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र असे उपास एकापाठोपाठ धरणारी मुलगी सोशिक आणि धार्मिक म्हणून नावाजली जाते. ती देवासाठी उपाशी आहे की आरशासाठी, हे विचारायचं धाडस घरात कोणी करत नाही. आणि आजारानं ती खरंच बारीक झाली, तर जमलेले नातेवाईक कौतुकानं विचारतात, "काय करतेस गं? आम्हालाही सांग."

'ही श्रीमंत शहरी पोरींची थेरं' असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी फिजीकडे बघावं. भरदार देहाचा मान ठेवणारा, पाहुण्याला पोटभर खाऊ घालणारा तो समाज. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी उलटी करते, असं एकीनंही सांगितलं नाही. १९९८ साली ११.३ टक्के मुलींनी तसं सांगितलं. तीन वर्षांत एका पिढीचा स्वभाव पालटत नाही. तिच्याकडे बघणारी नजर पालटते. फिजीतल्या त्या पडद्यानं जे केलं, ते आज आपल्या प्रत्येक मुलीच्या हातातल्या मोबाइलवर रात्रंदिवस चालू आहे. या आजारात आनुवंशिकतेचा, स्वभावाचा, कधी लहानपणीच्या अत्याचाराचाही वाटा असतो, आणि तो पुरुषांनाही होतो, हे खरं. पण ठिणगी कुठूनही पडो, वाळलेलं गवत रचून ठेवलंय ते आपण.

म्हणून आरोपपत्र नीट लिहायला हवं. पहिला आरोपी आपला लग्नबाजार. मुलाची पदवी आणि पगार छापायचा. मुलगी मात्र 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' हवी. १९६१ च्या कायद्यानं हुंडा गुन्हा ठरला, पण मुलीच्या देहाची ही पाहणी आजही शिष्टाचारात मोडते. दुसरे आरोपी 'लग्नाआधी बारीक व्हा' अशी पॅकेजं विकणारे. कडक डाएटच पुष्कळदा बेसुमार खाण्याचं दार उघडतं, हे ते कशाला सांगतील? तिसरा आरोपी पाळीची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला "वजन कमी करा" एवढंच सांगून पुढच्या पेशंटला हाक मारणारा डॉक्टर. ती कशी खाते, खाल्ल्यावर तिला काय वाटतं, या दोन प्रश्नांना एक मिनिट लागतं. चौथे आरोपी आपण सगळे प्रेक्षक. नाटकात, मालिकेत जाड बाई नुसती आत आली की आपण हसतो, आणि शेजारी बसलेली आपली मुलगी ते हसू ऐकते.

ब्रिटनची युवराज्ञी डायाना १९९५ साली बीबीसीच्या मुलाखतीत आपल्या बुलिमियाबद्दल बोलली. आपल्याकडे अभिनेत्री रिचा चढ्ढा जाहीरपणे बोलली. लातूरच्या होस्टेलमधल्या किंवा डोंबिवलीच्या चाळीतल्या मुलीला असं व्यासपीठ नाही. तिची लाज आपण तयार केली आणि त्याच लाजेपायी ती उपचारापासून दूर राहते.

आणि उपचार तर आहेत! ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या आजारासाठी विचार-वर्तन उपचाराची पद्धत बसवली. साधारण २० बैठका, जवळपास पाच महिने. त्यात पहिला धडा आपल्या समजुतीच्या उलटा असतो: वेळच्या वेळी खा, जेवण चुकवू नका. कारण उपाशी राहिलं की खाण्यावरचा ताबा सुटतो, ताबा सुटला की अपराध वाटतो, त्यातून उलटी आणि उलटीनंतर पुन्हा उपास. हे चक्र नियमित जेवणानं तुटू लागतं. उलटीनं खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही आणि जुलाबानं मुख्यतः पाणीच जातं, हेही तिथे समजावून सांगतात. गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. रक्ताची तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, नुसत्या पाण्यानं चूळ भरावी. चक्कर, धडधड, उलटीत रक्त किंवा मरणाची भाषा, यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठावं.

घरच्यांचं काम पाळत ठेवण्याचं नाही. एकटीला गाठून, आवाज न चढवता, "तुला त्रास होतोय असं वाटतं, आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येते सोबत," एवढं म्हणावं. ती पहिल्यांदा नाही म्हणेल, पुन्हा विचारावं. किशोरवयीन मुलींच्या उपचारात आई-वडिलांची साथ औषधाइतकी मोलाची असते, म्हणून त्यांनी स्वतःला दोष देत बसू नये. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा तिचा हक्क आहे. कायद्यानं दिलेला हक्क घरानं नाकारायचा, ही आपली जुनी खोड इथे तरी मोडू दे.

मुलींनी लाज सोडून पुढे यावं, असं सांगणं सोपं आहे. पण लाज सोडायची आहे ती आपण. पुढच्या कार्यात पंगतीला बसाल तेव्हा मुलीच्या ताटात आग्रहानं काही वाढू नका आणि तिच्या अंगाबद्दल चकार शब्द काढू नका. स्थळाच्या जाहिरातीतला 'सडपातळ' आपल्या हातानं खोडा. तो मागणाऱ्या स्थळाला मुलीच्या बापानं स्वतः नकार कळवावा. ज्याला एवढंही जमणार नाही, त्यानं निदान लेकीबाळींच्या काळजीचं सोंग तरी आणू नये.