मेळघाटच्या उन्हात बर्फाचा डबा कायले?

राजेहो, फेब्रुवारी 2021 आठवा. अमरावतीसोबत आपल्या अचलपूरलाही लॉकडाऊन लागलं होतं. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, 'रिपोर्ट आला का?' नमुना कशात ठेवून पाठवला, हे कोणीच विचारलं नाही. आता विचारा. पुढची साथ सांगून येणार नाही.

नाकातली काडी ज्या गुलाबी पाण्यात बुडवतात, ते व्हीटीएम. ते विषाणूला जिवंत ठेवण्यासाठी बनवलेलं. नमुना 2 ते 8 अंशांत ठेवायचा आणि 72 तासांच्या आत तपासायचा. पण आरटी-पीसीआरला जिवंत विषाणू लागतच नाही, त्याचा आरएनए शाबूत असला की झालं! मग मे महिन्यात धारणीहून घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीत बर्फाचा डबा सांभाळायचा कायले?

याचं उत्तर आपल्या विदर्भातच निघालं. नागपूरच्या नीरीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची पद्धत काढली. 15 सेकंद गुळणी करायची, तेच पाणी नळीत घ्यायचं. काडी नाही, व्हीटीएम नाही. लॅबमध्ये बफरमध्ये ठेवून 98 अंशांवर 6 मिनिटं तापवलं की आरएनए मोकळा, वेगळं महागडं किट नको. मे 2021 मध्ये आयसीएमआरने मान्यता दिली. हैदराबादच्या सीसीएमबीची कोरड्या काडीची पद्धत तर नोव्हेंबर 2020 मध्येच मान्य झाली होती.

साहेब लोक म्हणतील, गुळणी सगळ्यांना जमत नाही. बरोबर आहे. तान्हं लेकरू, बेशुद्ध पेशंट यांची काडीच घ्या. विषाणू वाढवून अभ्यास करायचा असेल तर व्हीटीएम वापरा. पण चार जणांची गरज चारशे जणांच्या माथी मारणं हे विज्ञान नाही, ती खरेदीची सवय आहे.

मागणी साधी आहे. उपजिल्हा रुग्णालयाने सर्दी-तापाच्या हंगामात एकाच पेशंटचे तिन्ही नमुने घ्यावे : व्हीटीएम, कोरडी काडी, गुळणी. धारणी-चिखलदऱ्याचे नमुने नेहमीच्याच गाडीने आणावे. निघाल्याची वेळ, डब्यातलं तापमान आणि निकाल दवाखान्याच्या फलकावर लावावे. व्हीटीएम सरस ठरलं, तर तेही इथेच छापीन.

अन् मत मागायला कोणी दारात आलं, तर रस्ते-नाल्यांसोबत एवढंही विचारा : भाऊ, पुढच्या साथीत आमचा नमुना कशात पाठवणार?