वृक्षबेडूक पाळताय? आधी अहिल्यानगरची हवा पाहा

लाल डोळ्यांचा हिरवागार वृक्षबेडूक रीलमध्ये गोंडस दिसतो. पण तो मूळचा मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतला. पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला घरात ठेवण्याची हौस टाळलेलीच बरी.

नेमकं बिघडतं कुठे?

हवा : बेडूक त्वचेतूनच पाणी शोषतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. एसीने हवा गार होते, पण आणखी कोरडीही होते.

पाणी : नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्वचेला घातक. ते काढूनच पाणी द्यावं.

घर : हा चढणारा प्राणी. त्याला उंच काचपेटी, फांद्या आणि जाळीचं झाकण लागतं. पेटी कोंदट झाली की त्वचेचे आजार बळावतात.

खाणं : किड्यांवर कॅल्शियमची पूड नसेल तर हाडं ठिसूळ होऊन वाकतात.

खाणं सोडलं, त्वचा लाल झाली तर लगेच पशुवैद्य गाठा. मात्र बेडकांवर उपचार करणारा डॉक्टर सहज मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

ही प्रजाती २०१० पासून ‘साइटीस’च्या यादीत आहे. २०२४च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे.

आधीच पाळला असेल तर कंटाळून विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका. त्याच्यासोबत कायट्रिड बुरशी स्थानिक बेडकांपर्यंत पोहोचू शकते. पावसाळ्यात न्हाणीघरात येणारा आपला वृक्षबेडूकही बरणीत भरू नका. खिडकी उघडी ठेवा, त्याची वाट तो शोधेल.